ऊस-नकाशाची प्रणाली बदला, पण मृगाच्या आत



येत्या वार्षिक सभेपुढे ऊस नोंदीच्या नकाशाची संगणक प्रणाली नव्या आवृत्तीवर नेण्याचा विषय येणार आहे. काही मंडळींचा आग्रह आहे की बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आतच हे काम उरकून टाकावे, म्हणजे नवा हंगाम नव्या नकाशाने सुरू होईल. ऐकायला हे गोड वाटते. परंतु शेतकी खात्यात काम करणारे आम्ही लोक या मताचे नाही. बदल जरूर करावा. तो हंगाम उलगडल्यावर, एप्रिलअखेर ते मृग लागेपर्यंतच्या दिवसांत करावा, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

पूर्वी लावणीची नोंद वहीत व्हायची. सभासदाने क्षेत्र सांगायचे आणि आम्ही लिहून घ्यायचे. आता आमचा माणूस फोन घेऊन बांधाबांधाने फिरतो, कोपरे घेतो, आणि गट नंबर, उसाची जात, लागण तारीख यांसह तुमचा प्लॉट नकाशावर बसतो. तोडीचा प्रोग्राम त्यावरूनच निघतो. ही प्रणाली आर्कजीआयएस एंटरप्राइज नावाची असून ती क्लाउडवर ठेवलेली आहे. क्लाउड म्हटले की काही सभासद वर आभाळाकडे बघतात! हा ढग जमिनीवरच आहे. भाड्याने घेतलेली मोठी यंत्रे, एवढाच त्याचा अर्थ. ॲमेझॉन कंपनीने मुंबईत अशी केंद्रे २०१६ साली सुरू केली आणि मायक्रोसॉफ्टने पुण्यात त्याच्या आदल्या वर्षी.

मग चालू आहे ते बदलायचे कशाला, असे कोणी विचारील. प्रत्येक आवृत्तीचे एक वय असते. ते संपले की कंपनी दुरुस्त्या देणे थांबवते, आणि दार फुटके राहिले की चोर आत येतो. त्यामुळे खोडव्यावर खोडवा घेत राहावे तसे हे जुनेच रेटता येणार नाही.

घाईचे काय होते ते आम्ही एकदा भोगले आहे. काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात तोडणी चिठ्ठ्यांचा संगणक प्रोग्राम बदलला. जुन्यात तारीख आधी आणि महिना नंतर होता, नव्यात उलटे. ५ जुलैची आडसाल लागण ७ मेची झाली. ऊस एका रात्रीत दोन महिन्यांनी थोरला! बारा तारखेनंतरच्या लागणी बरोबर राहिल्या, म्हणून चूक चटकन ध्यानातही आली नाही. ज्यांचा नंबर अलीकडे आला ते गप्प बसले. ज्यांचा मागे गेला त्यांच्या उसाला तुरे आले. एक म्हातारे सभासद गट ऑफिसला येऊन म्हणाले, "सायेब, शेजाऱ्याचा ऊस माझ्या मागनं लावलाय, मग त्याला तोड आधी कशी?" तेव्हा आम्ही जागे झालो. दोष सर्वस्वी आमचा होता. बदल करण्याआधी शंभर खाती जुन्या वहीशी ताडून पाहिली असती तर त्यांच्या शेतात टोळी वेळेवर गेली असती. त्यांना तेव्हा उत्तर देता आले नाही, ते आजही आठवते.

नकाशात तर याहून बारीक खोड आहे. नव्या प्रणालीत मोजणीचा पाया किंचित चुकीचा धरला गेला तर सगळे प्लॉट एका बाजूला सरकतात. एक एकराचे चौरस शेत धरा, बाजू सुमारे ६४ मीटर. ते पाच मीटर सरकले तर तीन गुंठ्यांची पट्टी शेजाऱ्याच्या रानात जाते. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत कोर्ट होते. तीन गुंठे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. मिलचे ओव्हरहॉलिंग आपण बंद हंगामात करतो, रोलर बसला की आधी रिकामा फिरवून बघतो आणि मगच गव्हाणीत ऊस टाकतो. तीच रीत इथे पाहिजे. सगळ्या यंत्रणेची हुबेहूब दुसरी प्रत वेगळ्या यंत्रावर उभी करावी आणि बदल प्रथम त्या प्रतीवर करून बघावा. काम क्रमाने होते: आधी पोर्टल, म्हणजे आत यायचे दार, मग नकाशे चालवणारा सर्व्हर, शेवटी डेटा स्टोअर, म्हणजे गोडाऊन. एकदा नव्या आवृत्तीवर गेले की उलटे येण्याची वाट नाही. आणि माहितीची जी राखीव प्रत प्रणाली काढून देते, ती त्याच आवृत्तीत परत भरता येते, दुसऱ्या आवृत्तीत नाही. म्हणून नुसती माहितीची प्रत ठेवून भागत नाही. जुने अख्खे यंत्र आहे तसे राखून ठेवले पाहिजे, आणि त्यावरून यंत्रणा परत उभी राहते का, हे आधी एकदा करून पाहिले पाहिजे. त्याचे महिन्या-दोन महिन्यांचे भाडे जादा पडेल. खर्चाची काटकसर आम्हांलाही कळते, पण ती या जागी नको.

आमच्या लोकांच्या फोनमध्ये रेंज नसताना घेतलेल्या नोंदी पडून असतात. बदलाच्या आदल्या दिवशी त्या सगळ्या वर चढवल्या पाहिजेत, नाहीतर ते प्लॉट हवेत राहतील. काम चालू असेपर्यंत नोंद जुन्या पद्धतीने वहीत घ्यावी व सभासदाला पावती द्यावी.

मुहूर्त एप्रिल-मेचाच का? जुलै-ऑगस्टात आडसालीच्या नोंदी चालतात. त्याच दिवसांत पंचगंगा पात्राबाहेर येते. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर कोण विसरेल? राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट ही धोक्याची पातळी. पाणी त्या बेताला आले की कोणाचे क्षेत्र बुडाले हे नकाशावरच बघायचे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लागण आणि गळीत एकदमच येतात. पुढे सुरू, त्यामागे खोडव्याच्या नोंदी. उसाला दम नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे लागते. नोंदीचा घोळ बिलापर्यंत गेला तर कारखान्याला तोंड दाखवायला जागा नाही.

आपल्याच जिल्ह्यात वारणानगरला १९९८ साली सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, तो देशभर गाजला. पुढे गावातल्या संगणकाऐवजी फोनच्या एसएमएसवर माहिती देऊन बघायचे ठरले, तेव्हा तो प्रयोग आधी सात गावांपुरताच केला गेला. आम्हांला हा धडा मोलाचा वाटतो. आपणही नवा नकाशा प्रथम एकाच गट ऑफिसला चालवावा. तोही शक्यतो नदीकाठच्या गटात, जिथे तुकडे लहान आणि तक्रारी जास्त. माळावरच्या मोठ्या प्लॉटवर परीक्षा सोपी जाते, तिचा उपयोग नाही.

त्या गटाचा जुना आणि नवा नकाशा शेजारी-शेजारी लावून आठ दिवस ठेवू. सभासदांनी सात-बारा व नोंदीची पावती घेऊन यावे, आपला प्लॉट, गट नंबर, क्षेत्र आणि विशेषतः लागण तारीख बघावी, चूक दिसली तर तिथल्या वहीत लिहावी. घरातल्या ज्या माऊलींच्या नावे खाते आहे त्यांनीही यावे. पाणी कुठल्या सरीपासून सुटते हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते. वहीतल्या चुका निकाली निघाल्याशिवाय दुसऱ्या गटाला हात लावायचा नाही, अशी अट सभेच्या ठरावातच घालून घ्यावी. ठराव मांडायला कोणी पुढे आले नाही तर आम्ही मसुदा लिहून ठेवला आहे, तो शेतकी ऑफिसात मिळेल.