पुरातली बोट उलटू नये म्हणून

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या महाडला पूर नवा नाही. डोंगरात कोसळणारा पाऊस वरून येतो, त्याच सुमारास बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी चढत असेल तर नदीला उतार मिळत नाही आणि बाजारपेठेत पाणी शिरते. जुन्या व्यापाऱ्यांना हे गणित तोंडपाठ आहे. माल किती वर उचलून ठेवायचा याचा अंदाज ते पिढ्यान्‌पिढ्या बांधत आले. २२ जुलै २०२१ रोजी मात्र तो अंदाज साफ चुकला. तळमजले बुडाले, माणसे वरच्या मजल्यांवर आणि छपरांवर अडकली, वीज व फोन बंद पडले. महामार्ग ठिकठिकाणी पाण्याखाली गेला, घाटरस्ते दरडींनी अडले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली आणि तेथे मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. नौदलाने मुंबईहून रबरी जेमिनी बोटींसह पथके रवाना केली, पोलादपूरकडे हेलिकॉप्टर धाडले. पण ज्या रस्त्याने बोटी यायच्या, तो रस्ताच पाण्याखाली असेल तर बोटीचा उपयोग किती, हा प्रश्न त्या दिवशी प्रत्येक गच्चीवर विचारला गेला असेल.

त्यानंतर बरीच चर्चा झाली. नदीतील गाळ काढण्याचे काम सुरू झाले, दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावावर आक्षेप घेतले गेले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा कायमचा तळ महाडला असावा ही मागणी पुढे आली आणि पावसाळ्यात दलाची तुकडी तेथे आणून ठेवण्याचा प्रघात पडला. हे सारे आवश्यकच आहे. परंतु या चर्चेत बोट हा विषय आला तो केवळ संख्येच्या रूपाने. किती बोटी आहेत, किती हव्यात, एवढेच. बोट कशी असावी, तिच्यात घाबरलेली वीस माणसे चढल्यावर ती सरळ उभी राहील काय, याचा विचार फारसा झाला नाही. हा प्रश्न किती गंभीर आहे हे महाराष्ट्राने महाडच्या पुराआधी दोन वर्षे, ८ ऑगस्ट २०१९ रोजी पाहिले होते.

त्या दिवशी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ या कृष्णा-येरळा संगमावरील गावातून पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि सतरा जणांचा मृत्यू झाला. त्यांत स्त्रिया व लहान मुले होती. बोटीत तीसच्या आसपास माणसे होती, ती क्षमतेपेक्षा अधिक होती असे तेव्हा सांगण्यात आले. बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की ही माणसे पुरात बुडाली नाहीत. ती पुरातून वाचविली जात असताना बुडाली. बोटीत पाऊल ठेवताना आपला जीव आता सुरक्षित हातांत गेला, असेच त्यांना वाटले असणार.

अशा दुर्घटनेनंतर दोष गर्दीवर टाकण्याची रीत आहे. लोकांनी ऐकले नाही, एकाच बाजूला झुकले, उभे राहिले, असे म्हटले जाते. ते खरेही असते. मात्र संकटातील माणूस घाबरणार, उभा राहणार, मुलाला छातीशी धरून काठाकडे सरकणार, हे गृहीत धरूनच जीवरक्षक नौका बांधावी लागते. शांत, शिस्तबद्ध आणि पोहता येणाऱ्या प्रवाशांसाठी बांधलेली बोट ही सहलीची बोट होय.

बोटीचा तोल दोन गोष्टींवर ठरतो. सगळ्या भाराचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे ही एक, आणि बोट कलल्यावर पाण्याचा उचलणारा जोर कोणत्या बाजूला सरकतो ही दुसरी. बोट रुंद असेल आणि भार खाली असेल तर कललेल्या बाजूचे पाणी तिला पुन्हा सरळ लोटते. भार वर गेला, म्हणजे माणसे उभी राहिली, की हा सरळ करणारा जोर घटत जातो आणि एका क्षणी तोच बोटीला उलथून टाकतो. सरासरी साठ-पासष्ट किलोची दहा माणसे एका काठावरून दुसऱ्या काठावर सरकली तर साडेसहाशे किलो भार जागा बदलतो. चार मीटर लांबीच्या साध्या बोटीचे स्वतःचे वजनही अनेकदा इतके नसते. मोठ्या जहाजालाही हा नियम चुकत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी लाटेने एका अंगाला कलली, जिवाच्या भीतीने उतारू दुसऱ्या अंगाला धावले आणि काही मिनिटांत बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कुलाबा जिल्ह्यातील कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण पुढे अनेक वर्षे जागी होती.

गर्दीखेरीज आणखी एक शत्रू असतो, आणि तो अधिक कपटी असतो: बोटीत शिरलेले पाणी. चार मीटर लांब व दीड मीटर रुंद बोटीत अवघे दहा सेंटिमीटर, म्हणजे घोट्यापर्यंत पाणी साचले, तरी ते सहाशे लिटर, म्हणजेच सहाशे किलो होते. बरे, हा भार माणसासारखा एका जागी बसत नाही. बोट जरा कलली की तो सगळा त्याच बाजूला धावतो आणि कल वाढवतो. म्हणून उत्तम बचाव बोटीचा तळ दुहेरी असतो. वरचा थर बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच राहतो आणि आत आलेले पाणी छिद्रांवाटे आपोआप बाहेर पडते. मुसळधार पावसात बादलीने पाणी उपसण्यासाठी एक माणूस अडकवून ठेवणे बचाव पथकाला परवडणारे नसते.

हे ज्ञान जगाने फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाइन नदीच्या मुखाशी १७८९ मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे जहाज लोकांच्या डोळ्यांदेखत फुटले आणि त्यातून तेथे खास जीव वाचविण्यासाठी बांधलेली नौका आली. पुढे त्याच साउथ शील्ड्स गावची ‘प्रॉव्हिडन्स’ ही लाइफबोट १८४९ मध्ये उलटली आणि मदतीला गेलेले वीस जणच बुडाले. या धक्क्यानंतर नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने उत्तम लाइफबोटीच्या आराखड्यासाठी शंभर गिनींचे बक्षीस लावले. २८० आराखडे व नमुने आले. १८५१ मध्ये ज्या जेम्स बीचिंगला बक्षीस मिळाले, त्याच्या बोटीचे वैशिष्ट्य असे की ती उलटली तरी स्वतःहून सरळ होई. दोन्ही टोकांना उंच हवाबंद पेट्या आणि तळाशी जड भार, अशी ती रचना. उलटी पडलेली बोट त्या दोन उंच टोकांवर तोलून राहूच शकत नाही. तळचा भार तिला पुन्हा फिरवतो. वीस माणसांच्या मृत्यूनंतर त्या समाजाने बोटींची संख्या वाढविण्यावर न थांबता आराखडा मागितला, हा फरक ध्यानात घ्यावा असा आहे.

आजच्या मालवाहू जहाजांवरील लाइफबोटी याच तत्त्वावर पुढे गेल्या. १९८६ नंतर बांधलेल्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण बंदिस्त बोटी आणल्या. त्या उलटून सरळ होतात, परंतु एका अटीवर: आतील प्रत्येक जण पट्ट्याने आसनाला बांधलेला हवा. माणसे सुटी असतील तर उलट्या बोटीत ती छताकडे गोळा होतात आणि सरळ होण्याचे सारे गणित बिघडते, शिवाय ती जबर जखमी होतात. उंचावरून थेट समुद्रात झेपावणाऱ्या बोटींत म्हणूनच आसने मागे तोंड करून बसविलेली असतात. पाण्यावर आदळण्याचा धक्का पाठ आणि डोके यांना पसरून मिळतो. माणसाच्या वजनाचाही असाच पुनर्विचार झाला. पूर्वी दरडोई ७५ किलो धरले जात. २०१० पासून मालवाहू जहाजांच्या लाइफबोटींसाठी ते ८२.५ किलो करण्यात आले, कारण खलाशी पूर्वीपेक्षा धिप्पाड झाले होते आणि बोटीवर रंगविलेला आकडा प्रत्यक्षात बसत नव्हता.

अर्थात उत्तम आराखडा देखभालीविना व्यर्थ. महाडच्या पुराला दोनच महिने बाकी असताना, १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक कर्मचारी दगावले. जीवरक्षक तराफ्यांपैकी बरेच फाटके निघाले, अशी तक्रार वाचलेल्यांनी केली. वर्षभर गुंडाळून ठेवलेले रबर वादळाच्या दिवशी पहिल्यांदा उघडले जात असेल, तर त्याला जीवरक्षक म्हणण्यात अर्थ नाही.

आता ही समुद्रावरील बोट जशीच्या तशी महाडच्या बाजारपेठेत आणता येणार नाही, हे उघड आहे. तेथील पाणी वेगळे आहे. सावित्रीच्या प्रवाहाची ताकद २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दिसली. ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळून दोन एसटी बसगाड्या वाहून गेल्या, त्या नदीत शोधून काढायला आठवड्याहून अधिक काळ लागला आणि काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. अशा पाण्यात बोट आडवी होऊन विजेच्या खांबाला किंवा झाडाला टेकली, की वरच्या अंगाचा काठ पाणी दाबून खाली नेते आणि बोट क्षणार्धात उलटते. येथे दणकट इंजिनाइतकेच ते चालविणाऱ्याचे कसब महत्त्वाचे. बोटीचा उघडा पंखा केबल, साड्या, गवताच्या पेंढ्या यांत अडकतो आणि पाण्यात पडलेल्याला कापूनही काढतो. त्याला जाळीचे कवच असणे ही चैन नव्हे.

रबरी बोटीचे गुण मोठे आहेत. दोन्ही काठांच्या फुगीर नळ्यांमुळे ती रुंद बसते, माणसे खाली, जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतात आणि आत पाणी भरले तरी ती बुडत नाही. पण महाडच्या गल्ल्यांत पाण्याखाली दुकानांची पत्र्याची छपरे, खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या, कुंपणाचे अणकुचीदार गज असतात. नळीचे वेगवेगळे बंद कप्पे असतील तर एक फाटूनही बोट तरंगते. स्वस्त बोटीत कप्पे मोजकेच असतात. फायबरची बोट आदळली की तडकते. अ‍ॅल्युमिनियमची टिकते, परंतु पोकळ जागेत न बुडणारा फेस भरलेला नसेल तर पाणी भरताच तळाला जाते. तेव्हा सगळीकडे चालेल अशी एकच बोट नाही. गल्लीसाठी अरुंद वळणे घेणारी रबरी बोट आणि नदीच्या मुख्य धारेसाठी कठीण तळाची, जोरकस इंजिनाची बोट, अशा दोन जाती लागतील.

त्यातही सर्वांत धोक्याचा क्षण प्रवासात नसतो, चढण्यात असतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आजीबाई बोटीच्या काठावर पाय ठेवतात, तेव्हा त्यांचा सगळा भार बोटीच्या अगदी कडेवर, तोही उंचावरून पडतो. मागोमाग घरातील तिघे-चौघे त्याच बाजूला येतात. काठाला धरायला दोर, खाली घट्ट न घसरणारा तळ, समोरच्या बाजूला तोल धरणारा पथकातील एक जण आणि पाय ठेवण्यापूर्वीच अंगात चढविलेले लाइफ जॅकेट, एवढ्यावर हा क्षण निभावतो. लहान मुलांच्या मापाची जॅकेटे मोठ्यांच्या ढिगात शोधूनही सापडत नाहीत, हा अनुभव अनेक ठिकाणचा. मोठ्याचे जॅकेट मुलाच्या अंगातून वर निसटते आणि मूल खालीच राहते.

या बाबतीत आपल्याकडे शहाणपण नाही असे नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील अरुंद होडीला कडेला बांधलेली उलांडी हा तोलाचाच प्राचीन उपाय आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी गूळ शिजविण्याची काहील होडीसारखी वापरली जाते. ती गोल, रुंद आणि बसकी असल्याने सहजी कलंडत नाही, वाहत मात्र कुठेही जाते. रायगड जिल्ह्यातच कोलाडला कुंडलिकेच्या वेगवान पाण्यात पर्यटकांना तराफ्यांतून नेणारी मंडळी आहेत. आपोआप पाणी बाहेर टाकणारा तळ, उलटलेला तराफा दोराने पुन्हा सरळ करणे, प्रवाहाला तिरके राहून नदी पार करणे, हे त्यांचे रोजचे काम. महाड-पोलादपूरच्या पथकांचे प्रशिक्षण येथून दोन तासांच्या आत होऊ शकते.

सरकारी खरेदीत बोटीची लांबी, इंजिनाची अश्वशक्ती आणि किंमत या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. त्याऐवजी मोजक्या कसोट्या निविदेतच लिहिता येतील. बोटीवर लिहिलेल्या संख्येइतकी माणसे एकाच काठावर बसविली तर दुसऱ्या बाजूचा काठ पाण्यावर किती राहतो? काठोकाठ पाणी भरून तेवढ्याच माणसांसह ती तरंगते का? एक कप्पा रिकामा केल्यावर काय होते? आणि उलटी केल्यावर पथकातील दोघांना ती किती मिनिटांत सरळ करता येते? या चाचण्यांना प्रयोगशाळा लागत नाही. वाळूची पोती, दोर, पाऊस सुरू होण्यापूर्वीच्या मे महिन्यातील सावित्रीची दासगावकडील संथ खाडी आणि एक दिवस पुरेसा आहे. बोट ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी स्वतः बोटीत बसण्यास हरकत नसावी.