गोळी मोफत, पाठपुराव्याचे काय?

रक्तपेढीत जमा झालेली प्रत्येक पिशवी पाच आजारांसाठी तपासावीच लागते. हिपॅटायटिस-बी निघाला तर पिशवी नष्ट होते. रक्तदात्याच्या अंगातला विषाणू मात्र तसाच राहतो. माणूस धडधाकट असतो, डोळे पिवळे नसतात, भूक चांगली लागते. तो दवाखान्याची पायरी कशाला चढेल? भंडारा जिल्ह्यात ऐन रोवणीत तर नाहीच.

यकृत मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने खराब होत जाते आणि पोटात पाणी झाल्यावर धावाधाव सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग आहे. जगभरातल्या बाधितांपैकी २०२२ अखेर उपचार मिळत होते ते अवघ्या ३ टक्क्यांना.

औषधच नाही, असे म्हणायची सोय नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात टेनोफोविर, एन्टेकाविर ही औषधे मोफत आहेत. रोजची एक गोळी विषाणूचा समूळ नायनाट करत नाही, पण त्याची वाढ रोखते. सिरोसिस आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका घटवते. बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने बंद केली, तर यकृताचा दाह उसळून जिवावर बेतू शकते. काविळीची माळ गळ्यात घालून यातले काहीच साधत नाही.

प्रत्येक बाधिताला गोळी लागतेच असे नाही. ते ठरवायला यकृताची तपासणी आणि रक्तातला विषाणूभार पाहावा लागतो. घोडे पेंड खाते ते इथेच. लाखांदूर-पवनीच्या मजुराने एका आकड्यासाठी रोजी बुडवून नागपूर गाठावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. रक्ताची नळी नागपूरला जाऊ शकते. क्षयरोगासाठी वापरले जाणारे ट्रूनॅट यंत्र वेगळी चिप घालून हा विषाणूभारही मोजते. हे दोन्ही मार्ग तालुक्यापर्यंत आणायला नव्या इमारती लागत नाहीत.

गर्भवतींबाबत तर दिरंगाई अक्षम्यच. विषाणूभार जास्त असलेल्या मातेला शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस दिली, तर संसर्गाची साखळी बहुतांशी तुटते.

म्हणून रक्तपेढी व प्रसूतिगृहात आढळलेल्या प्रत्येक बाधिताची गोपनीय नोंद ठेवून, तो उपचार केंद्रापर्यंत पोहोचला का, याचा जाब जिल्हा आरोग्य यंत्रणेला दर महिन्याला विचारला जावा. कुटुंबीयांचीही तपासणी व लसीकरण व्हावे. बाधित सापडूनही उपचारावाचून राहिला, तर तो दोष रुग्णाचा नव्हे, यंत्रणेचाच मानला पाहिजे.