स्कोन, धिरडी आणि कापलेला एक गुण

भाषांतराच्या उत्तरपत्रिका तपासताना आमच्या हातून एक अन्याय झाला. तो कबूल करण्याच्या निमित्ताने हे टिपण लिहीत आहोत. उतारा एका इंग्रजी कथेतला होता. स्कॉटलंडमधील एका शेतघरात अवेळी पाहुणा येतो. घरातली म्हातारी लगबगीने पीठ घेते आणि पाहुणा अंगातला ओला कोट उतरवून चुलीपाशी टेकतो न टेकतो तोच त्याच्यापुढे गरम स्कोन ठेवते. एका विद्यार्थिनीने 'स्कोन'च्या जागी 'धिरडी' हा शब्द योजला होता. आम्ही तो लाल शाईने अधोरेखित केला, समासात 'धिरडी नव्हेत! मूळ शब्द ठेवून तळटीप द्यावी' असा शेरा मारला आणि एक गुण कापला. शेरा मारणाऱ्याने तोवर आयुष्यात स्कोन खाल्लेला नव्हता, मग करून पाहण्याची गोष्ट तर दूरच. आमचे स्कोनविषयीचे सारे ज्ञान इंग्रजी कादंबऱ्या आणि पाकपुस्तकांतली रंगीत चित्रे यांवर पोसलेले होते.

निकाल लागला, तरी तो शेरा काही डोक्यातून जाईना. अखेर मे महिन्याच्या सुट्टीत स्कोन घरी करून पाहावेत असे ठरवले. कृती तशी अगदी साधी आहे. सव्वादोनशे ग्रॅम मैदा, त्यात बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ, पन्नास ग्रॅम थंड लोणी, पंचवीस ग्रॅम साखर आणि दीडशे मिलिलिटरच्या आसपास दूध. लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचे, दूध घालून गोळा जेमतेम एकत्र आणायचा, बोटभर जाडीचा थापून तुकडे पाडायचे आणि २२० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटे भाजायचे. यात चुकण्यासारखे काय आहे, असे आम्हांस वाटले. चुकण्यासारखे पुष्कळ होते.

पहिल्या खेपेस हाताने दगा दिला. पीठ आणि पाणी एकत्र आले की मराठी घरातला हात मळू लागतो. आम्ही गोळा चांगला तिंबला, वर ओले फडके टाकून अर्धा तास मुरत ठेवला, म्हणजे पोळीच्या कणकेला जे जे करायचे ते ते सर्व केले. परिणाम असा की ओव्हनमधून निघालेल्या वस्तूने खलबत्त्याचे काम सहज भागले असते. पोळीला लवचिकपणा हवा असतो, म्हणून मळून आणि मुरवून पिठातल्या ग्लूटेनचे धागे लांबवायचे असतात. स्कोन हाताने मोडला की भुसभुशीत उकलायला हवा, म्हणून ते धागे तयारच होऊ द्यायचे नसतात. शिवाय बेकिंग पावडर ओली होताच कामाला लागते. आमच्या ओल्या फडक्याखाली तिचा बराचसा जोर ओव्हनमध्ये जाण्याआधीच संपला होता.

दुसऱ्या खेपेस लोणी संपले होते, म्हणून साजूक तूप घेतले. स्निग्ध पदार्थाच्या जागी स्निग्ध पदार्थ, आणि तोही अधिक शुद्ध, असा आमचा तर्क होता. पिठात मोहन चोळणे ही क्रिया आम्हांस करंज्या-शंकरपाळ्यांमुळे ठाऊक होती आणि मुटका वळला की मोहन पुरे झाले, ही घरची खूणही पाठ होती. पण करंजीचे मोहन कडकडीत तापवून घालतात, तर स्कोनचे मोहन थंड आणि घट्ट असावे लागते. लोण्याचे बारीक कण पिठात अख्खे राहतात, भट्टीच्या आचेत वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्र्यांना उचलते. तुपात पाणी नसते, आणि मे महिन्यात ते घट्टही राहत नाही. जाड रव्यासारखे दिसायला हवे होते ते पीठ लापशीसारखे दिसू लागले. स्कोन झाले ते चवीला बरे होते, पण त्यांचे नाव नानखटाई ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे झाले असते.

तिसऱ्या खेपेस बेकिंग पावडर जुनी निघाली. आता आम्ही थोडे शहाणे झालो होतो. बेकिंग पावडरीऐवजी तिच्यासारखे दिसणारे काय आहे, हा प्रश्न न विचारता ती तिथे काय करते, हा प्रश्न विचारला. एक आम्ल आणि एक सोडा एकत्र येऊन वायू तयार करतात, तेच काम आंबट दही आणि खाण्याचा सोडा करतील. घरचे ताक फार पातळ, म्हणून दहीच किंचित सैल करून घेतले. पीठ मळले नाही, सुरीने फिरवून एकत्र आणले. वाटीच्या बोथट काठाने कडा चिरडतात आणि स्कोन फुगत नाहीत असे आढळले होते, म्हणून जाड थालीपिठासारखा गोल थापून त्याचे सुरीने चार भाग केले. ते फुगले, हातात घेताच उकलले आणि चहा गाळून होण्याआधी संपले.

या रूपांतराचा आम्हांस थोडा अभिमान वाटला, पण तो टिकला नाही. जुन्या स्कॉटिश कृती वाचू लागलो तेव्हा दिसले की ताक, सोडा आणि गोलाचे चार भाग हीच तिकडची घरगुती रीत आहे. ज्याला आम्ही मूळ समजत होतो तो दूध आणि बेकिंग पावडरीचा, ओव्हनमधला उंच, गोल स्कोन हेच मागाहून झालेले रूपांतर आहे. आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली ती १८४३ मध्ये. त्याआधीचा स्कोन ओट किंवा जवाच्या पिठाचा, चपटा, आणि मुख्य म्हणजे तव्यावर भाजलेला असे.

तव्यावर! इथे आम्ही तो उतारा पुन्हा काढून वाचला. म्हातारी स्कोन कशावर भाजते हे लेखकाने सांगितले होते. शब्द होता 'गर्डल'. शहरी इंग्रजीत गर्डल म्हणजे कमरपट्टा, पण स्कॉट बोलीत गर्डल म्हणजे तवा. बहुतेक परीक्षार्थींनी तो शब्द गाळला होता, दोघातिघांनी म्हातारीला कमरपट्टा चुलीवर ठेवायला लावला होता, आणि आम्ही या सर्वांकडे काणाडोळा केला होता, कारण आम्हांलाही तो शब्द अडला होता. त्या एका विद्यार्थिनीने मात्र संदर्भावरून 'तवा' लिहिले होते, आणि तव्यावर, बोलाफुलाला, पाहुणा टेकण्याआधी काय होऊ शकते याचा विचार करून 'धिरडी' लिहिले होते. तिने पदार्थाचे काम ओळखले होते. आम्ही पदार्थाचे नाव तेवढे ओळखत होतो.

यावर कोणी म्हणेल, ही भाषांतरातली सैल उदारता झाली, निष्ठेचे काय? या आक्षेपाला उत्तर म्हणून खुद्द 'स्कोन' या शब्दाचाच इतिहास सांगावासा वाटतो. कोशकार या शब्दाचा जो सर्वांत जुना उल्लेख देतात, तो एका भाषांतरातला आहे. स्कॉट कवी गॅव्हिन डग्लस याने व्हर्जिलच्या 'ईनिड'चे स्कॉट भाषेतील भाषांतर १५१३ मध्ये पूर्ण केले, त्यात तो सापडतो. प्रसंग सातव्या सर्गातला आहे. ईनियस आणि त्याचे भुकेले सोबती टायबरच्या काठी उतरतात, गव्हाच्या चपट्या पोळ्या गवतावर मांडून त्यांवर रानफळे वाढून घेतात आणि फळे संपल्यावर खालच्या पोळ्याही खाऊन टाकतात. भुकेपोटी आपली ताटे खाल तेव्हाच तुमचे नगर वसेल, असे भाकीत पूर्वी झालेले असते. 'आपण तर ताटेसुद्धा खाल्ली!' अशा अर्थाचा विनोद ईनियसचा मुलगा करतो आणि ते भाकीत खरे ठरते. व्हर्जिलने इथे 'लिबा' हा शब्द वापरला आहे. लिबा म्हणजे रोमन लोक देवाला वाहत त्या पोळ्या. घरगुती लिबाची कृती केटोने दिली आहे आणि तीत पिठाच्या दुप्पट चीज आहे. तेव्हा कृतीच्या दृष्टीने पाहिले तर लिबा आणि स्कोन यांचा संबंध नाही. तरीही डग्लसने स्कोन लिहिले.

आणि हा डग्लस काही सैल भाषांतरकार नव्हे. कॅक्स्टनने १४९० मध्ये फ्रेंचवरून केलेल्या 'ईनिड'वर, तो मुळाशी इमान राखत नाही म्हणून, याच डग्लसने आपल्या प्रस्तावनेत झोड उठवली आहे. निष्ठेसाठी भांडणारा मनुष्य ट्रोजन वीरांच्या पुढ्यात स्कोन वाढतो, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. त्या प्रसंगाला अशी भाकर हवी होती, जी ताट होऊ शकेल आणि मग खाल्लीही जाईल. सोळाव्या शतकातला चपटा स्कोन ते काम करू शकत होता. आजचा फुगलेला स्कोन करू शकणार नाही. म्हणून आज कोणी डग्लसचे अनुकरण करून तिथे स्कोन लिहील तर ती चूक ठरेल. मराठीत मात्र या जागी भाकरी अगदी चपखल बसेल. शेताच्या बांधावर हातातल्या भाकरीवर झुणका किंवा ठेचा घेऊन जेवणाऱ्याला ताट खाण्यातला विनोद तळटीप न देता कळेल.

मात्र स्वातंत्र्यालाही सीमा आहेच. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिने अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना जानेवारी १९६० मध्ये एका पत्रासोबत ड्रॉप स्कोनची कृती पाठवली. आदल्या वर्षी बाल्मोरलला ते तिचे पाहुणे होते. हा ड्रॉप स्कोन सैल पिठाचा आणि तव्यावर सोडायचा, म्हणजे आमच्या विद्यार्थिनीच्या धिरड्याचा जवळचा नातलगच. राणीने लिहिले आहे की हे प्रमाण १६ माणसांचे आहे. माणसे कमी असतील तेव्हा आपण पीठ आणि दूध कमी घेतो, पण बाकीचे जिन्नस दिल्याप्रमाणेच ठेवतो. साखरेऐवजी पाक किंवा काकवी वापरून पाहिली, तीही छान लागते. मात्र मिश्रण खूप फेटावे आणि फार वेळ तसेच ठेवू नये. कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हे पदार्थ स्वतः केलेल्या माणसालाच इतक्या नेमकेपणाने सांगता येते. आम्ही वर्गात निष्ठा आणि स्वातंत्र्य ही दोन टोके फळ्यावर लिहून त्यांच्यामध्ये रेघ ओढतो, तेव्हा हेच ज्ञान वगळतो.

धिरडीच बरोबर होती असाही आमचा दावा नाही. त्याच उताऱ्यात पुढे म्हातारी स्कोनवर लोणी आणि जॅम लावून देते. जॅम लावलेल्या धिरड्यापाशी मराठी वाचक थबकेल, आणि स्कॉटलंडचे शेतघर क्षणभर कोकणातले वाटेल. आज आम्हांला तो उतारा करावा लागला तर बहुधा 'तव्यावरचे गरम स्कोन' असे लिहू आणि 'तव्यावरचे' या एका शब्दावर तळटीपेचे काम सोपवू. पण हा पर्याय आम्हांला सुचला तो त्या विद्यार्थिनीचा 'तवा' वाचल्यामुळे. तिच्या उत्तरात चर्चा करण्याजोगे काही होते. ज्यांनी 'स्कोन' तसाच ठेवून 'एक प्रकारचा केक' अशी तळटीप दिली, त्यांना आम्ही पूर्ण गुण दिले. त्या तळटीपेतून पदार्थही कळत नव्हता आणि म्हातारीची लगबगही.

कापलेला गुण आता परत देता येत नाही. ती विद्यार्थिनी उत्तीर्ण होऊन गेली आहे. यंदा तोच उतारा आम्ही वर्गात घेणार आहोत. शब्द कोणताही योजा, पण तो त्या जागी कोणते काम करतो हे दोन ओळींत लिहा, आणि गुण त्या दोन ओळींना मिळतील, असे सांगणार आहोत. भाषांतर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनीही हे करून पाहावे. घरात मैदा आणि आंबट दही असेल तर आधी स्कोनही करून पाहावेत. मळू मात्र नयेत.