औषधांचा हिशेब ठेवणारा सेवक

रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या दाराशी रोझरी हाती धरून बसलेल्या कुटुंबाला डॉक्टर दिसतात, परिचारिका दिसतात. परंतु रोग्याच्या खाटेपाशी आणखी एका जाणत्या माणसाची गरज असते, याची पुष्कळांना कल्पना नसते. हा माणूस म्हणजे क्लिनिकल फार्मसिस्ट. चिठ्ठी पाहून बाटली देणारा दुकानदार, एवढीच फार्मसिस्टविषयी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे.

अत्यवस्थ रोग्याला एका दिवसात दहा-पंधरा औषधे द्यावी लागणे नवलाचे नाही. मूत्रपिंडे थकली, की कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज अंगात साठून विषासमान ठरू शकते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि कॅल्शिअम ही औषधे शिरेच्या एकाच नळीत एकत्र आली, तर त्यांचा साका धरतो. सावकाश विरघळावी म्हणून बनविलेली गोळी कुटून पोटातील नळीवाटे दिली, तर दिवसभराचे औषध एकदमच अंगात उतरते. डॉक्टरांचे चित्त श्वास, नाडी व रक्तदाब यांत गुंतलेले असता हा सारा हिशेब राखणे, हे क्लिनिकल फार्मसिस्टचे काम होय.

अमेरिकेतील बोस्टन शहरी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात याची कसोटी घेण्यात आली व तिचा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. तेथे एक अनुभवी फार्मसिस्ट डॉक्टरांबरोबर अतिदक्षता विभागाच्या फेरीत सामील होऊ लागला. औषध लिहून देण्यातील चुकांमुळे रोग्यांना होणाऱ्या टाळण्याजोग्या इजा, दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ होत्या, त्या ३.५ वर आल्या. त्याने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. सांगणाऱ्याची विद्या आणि ऐकणाऱ्याची नम्रता, दोन्ही येथे सारख्याच मोलाच्या ठरल्या.

आपल्या देशात २००८ साली ‘फार्म. डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातील अखेरचे वर्ष रुग्णालयातील उमेदवारीचे असते. तरीही अनेक रुग्णालयांत असा तज्ज्ञ खाटेपाशी आढळत नाही. बारावीला शास्त्र घेतलेल्या आपल्या मुलामुलींनी या सेवेचा अवश्य विचार करावा.

परंतु तज्ज्ञ असो वा नसो, कुटुंबाचे एक कर्तव्य उरतेच. रोग्याला नेताना घरातील त्याच्या सर्व गोळ्या व बाटल्या एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. झाडपाल्याचे औषध, काढा किंवा मद्याची सवय संकोचाने लपवू नये. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले वा धाप लागली, तेही सांगावे. लपविलेली एक गोष्ट प्राणावर बेतू शकते.

पवित्र शास्त्रात सिराकच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याच्या सन्मानाबरोबरच औषध सिद्ध करणाऱ्याच्या कामाचाही उल्लेख आहे. रोग्यांसाठी प्रार्थना करताना आम्ही डॉक्टर व परिचारिका यांचे स्मरण करतो; त्यांच्या जोडीने या अबोल सेवकासाठीही प्रभूकडे दोन शब्द मागूया.