नगाऱ्याचे पुण्य

धुळ्यास पांझरेच्या काठालगतच्या एका लहानशा देवळात सायंकाळच्या आरतीस उभा असता शेजारच्या एका वृद्ध बाईंनी मला एक प्रश्न केला; त्याचे उत्तर त्या वेळी मला सुचले नाही, आणि आज ते लिहावयास बसलो असताही पुरते हाती आले आहे असे म्हणवत नाही. गाभाऱ्याच्या डाव्या अंगास एक लोखंडी सांगाडा होता. त्यात एक नगारा, एक घंटा व झांजांची एक जोडी बसविलेली होती. पुजाऱ्याने निरांजन हाती घेण्यापूर्वी भिंतीवरचे बटण दाबले, त्याबरोबर मोटार फिरू लागली, दांड्या खालीवर होऊ लागल्या, आणि असा घोष उसळला की आरतीचे शब्द लोकांच्या ओठांवर दिसत होते, कानी मात्र पडत नव्हते. आजीबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारले, "मशीनले पुन्य लागस का रे, भाऊ?"

ही यंत्रे आता आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाहीत. नवल आहे ते त्यांच्यापुढे उभ्या राहणाऱ्यांच्या समजुतींचे. सांगाड्यावर देणगीदाराच्या दिवंगत वडिलांचे नाव रंगविलेले होते, तेव्हा त्या कुटुंबाच्या लेखी नगाऱ्याचा प्रत्येक ठोका हा पितरांच्या खाती जमा होणारा असणार. पुजाऱ्यास ते यंत्र म्हणजे बिनतक्रार हजर राहणारा चाकर, कारण ज्या पहाटे देवळात दुसरे माणूस फिरकत नाही, त्या पहाटेही देव मुक्याने उठविण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. आणि देवाकडे पाठ करून त्या दांड्यांची हालचाल डोळे विस्फारून पाहणाऱ्या पोरांच्या दृष्टीने खरे दैवत गाभाऱ्यात नसून त्या सांगाड्यात होते.

यावर 'पूर्वीची भक्ती राहिली नाही' असा हुंदका काढणे सोपे आहे; पण तो प्रामाणिक नव्हे. देवापुढील वाद्य दुसऱ्याकडून वाजवून घेण्याची वहिवाट विजेहून फार जुनी आहे. नगारखान्यात चौघडा झडे तो इनाम-वतनाच्या बंदोबस्तावर. सनई-संबळ वाजविणाऱ्या गुरवाचा हक्क दस्तुराने ठरलेला असे. आणि ज्या यजमानाने खर्च सोसला, त्याने स्वतः टिपरू हाती धरले नाही म्हणून त्याचे पुण्य कोणी कापून घेतले नाही. क्रिया एकाची आणि संकल्प दुसऱ्याचा, ही वाटणी आपल्या धर्मव्यवहाराने केव्हाच मान्य केलेली आहे. यंत्र आले ते त्या रिकाम्या पडलेल्या गुरवाच्या जागेवर. त्याने कोणाची भक्ती पळविली, असा आरोप त्याच्यावर ठेवता येणार नाही.

याच सुमारास माझ्या मनात एक दुसरे यंत्र घोळत होते. अजय कपूर या संगीत-संशोधकाने कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात उत्तर हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास करीत असता 'महादेवीबॉट' नावाचा एक यांत्रिक वादक सिद्ध केला. विद्युत्चुंबकाच्या बळावर हलणारे त्याचे बारा हात डफासारखी चर्मवाद्ये, घुंगरू, मंजिरी, घंटा अशी वाद्ये वाजवितात, आणि प्रयोगाच्या वेळी सतारीवर व वादकाच्या हातावर बसविलेल्या संवेदकांवरून सतारियाची लय ओळखून त्या लयीशी जुळवून घेण्याची विद्याही त्यास शिकविलेली आहे. विशेष असे की त्यास एक मस्तक असून ते लयीबरोबर डोलते. उद्देश इतकाच की, यंत्राच्या मनातील गती वादकास डोळ्यांनी कळावी. परंतु ज्या देशात मान डोलावणे हे श्रोत्याचे काम आणि तीच गवयाची खरी बिदागी, तेथील माणसास हे मस्तक पाहून, वादकांच्या रांगेत एक रसिक चुकून बसला आहे, असेच वाटावे.

पाहणाऱ्याचा देश बदलला की यंत्राचा अर्थ बदलतो. जपानात क्योटोच्या कोदाइजी मंदिरात २०१९ साली 'मिंदार' नावाचा, अवलोकितेश्वराच्या रूपातील यंत्रमानव हृदयसूत्रावर प्रवचन करू लागला, तेव्हा परदेशी पाहुण्यांपैकी कित्येकांस त्याच्या ठायी फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस दिसला. खान्देशी माणसास तो दिसला नसता, असे मी धिटाईने म्हणेन. चैत्रात अनवाणी चालत सप्तशृंगीचा गड गाठणाऱ्या आमच्या लोकांच्या डोळ्यांस अठरा हातांच्या भगवतीची सवय आहे. महादेवीबॉट पाहून ते भिण्याऐवजी सहा हात कमी कसे, अशी पृच्छा करतील. दसऱ्यास जळगावच्या दालमिलांतून व चटईच्या कारखान्यांतून यंत्रांस हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली जाते. ज्या भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत पारा भरलेल्या, आपणहून फिरणाऱ्या 'स्वयंवह' चक्राचे वर्णन केले, त्यांच्याच ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्यास आहे. यंत्राशी आमचे वैर नाही.

मग माझी तक्रार कोणती? ती अशी की, प्रयोगशाळेत जन्मलेले ते यंत्र ऐकते आणि देवळातले हे यंत्र ऐकत नाही. आरती म्हणणारा समुदाय एका लयीत कधीच चालत नसतो. कोणी जुने गृहस्थ शेवटचा चरण लांबवितात, कोणाची स्मृती तिसऱ्या कडव्याशी अडखळते, पोरे घाईने पुढे जातात, आणि झांज ज्याच्या हाती असेल तो या सर्वांस सांभाळीत, प्रसंगी थांबत, पुन्हा एकत्र आणतो. हे सांभाळणे हाच त्या विधीचा गाभा. फिरत्या दांड्यास कोणासाठी थांबणे ठाऊक नाही. म्हणून माणसे त्याच्यामागे धावतात, काही वेळाने दमतात, आणि मग हात जोडून नुसती पाहत राहतात. नाट्यगृहात प्रेक्षक म्हणून आलेला मनुष्य महादेवीबॉटच्या लयीत नकळत मान डोलावून प्रयोगात सामील होतो. देवळात सामील होण्यासाठी आलेला मनुष्य मात्र मोटारीमुळे प्रेक्षक होऊन बसतो. आरतीस प्रेक्षक नसतात. ते या यंत्राने प्रथमच उत्पन्न केले.

जळगावकरांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. श्रीरामाचा रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीस जुन्या गावातून निघतो. एवढा अवजड रथ दोरखंडांनी ओढावयाचा, आणि चाकाखाली लाकडी मोगरी नेमक्या क्षणी सारून तो आवरावयाचा वा वळवावयाचा, हे काम जोखमीचे आहे. त्यास एक मोटार जोडली तर सारा मामला तासाभरात उरकेल हे कळण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही तशी सूचना कोणी गंभीरपणे करील असे मला वाटत नाही. कारण रथ मुक्कामास पोहोचविणे हे त्या दिवसाचे कार्यच नव्हे. तो ओढला जाणे, मोगरीवाल्याच्या हाकेकडे शेकडो हातांनी कान लावून थबकणे, हेच कार्य.

तेव्हा देवस्थानांच्या विश्वस्तांस माझी विनंती एवढीच आहे. पहाटेच्या काकड्यास पुजारी एकटा असतो. तेव्हा यंत्रास खुशाल कामावर घ्यावे. सायंकाळी मात्र ते बटण बंद ठेवून झांजांच्या चार जोड्या त्या सांगाड्याभोवती गर्दी करणाऱ्या पोरांच्या हाती द्याव्यात. प्रारंभी ताल चुकेल, चुकू द्यावा.

त्या सायंकाळी आजीबाईंनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी डोळे मिटून टाळी धरली. ती नगाऱ्याच्या मागे पडत होती, कारण त्या आपल्या श्वासाप्रमाणे शब्द म्हणत होत्या, आणि अगदी शेजारी उभा असल्यामुळे ते शब्द मला ऐकू येऊ लागले. यंत्राचा ताल एकीकडे आणि त्यांचा दुसरीकडे. कोणाबरोबर टाळी द्यावी याचा मी क्षणभर विचार केला आणि त्यांच्याबरोबर दिली.