शंभर ऑक्टेनचा मोह आणि टाकीच्या झाकणावरचा आकडा

वेगवान गाड्यांचा शौक ही काही वर्षांपूर्वीपर्यंत मूठभर धनिकांची मिरास होती. २०२५ हे वर्ष त्या दृष्टीने वेगळे ठरले. मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आणि ऑक्टोबरमध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस भारतात दाखल झाली. दोन्ही गाड्या पूर्णपणे आयात केलेल्या, दोन लिटरच्या टर्बो इंजिनांच्या, २६५ अश्वशक्तीच्या, आणि पन्नास लाखांच्या आसपास किंमत असूनही ग्राहकांनी त्यांचे मर्यादित साठे झपाट्याने उचलले. त्याखालच्या किंमतपट्ट्यातही देशी बांधणीच्या टर्बो गाड्यांची संख्या वाढते आहे. परंतु याच वर्षी देशातील पेट्रोलचे स्वरूपही पालटले. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले 'ई-२०' पेट्रोल हे देशभरातील नेहमीचे पेट्रोल झाले. परिणामी नवी गाडी शोरूममधून बाहेर काढणाऱ्या ग्राहकाला पहिल्याच पंपावर जो प्रश्न पडतो, तो पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. टाकीत साधे पेट्रोल भरावे, ९५ ऑक्टेनचे भरावे, की थेट शंभरचे?

या प्रश्नाचा गोंधळ मुख्यतः 'ऑक्टेन' या शब्दाविषयीच्या गैरसमजातून होतो. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व इंधनाचे मिश्रण दाबले जाते आणि ठरावीक क्षणी ठिणगी पडून ते पेटते. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर ज्वाला पोहोचण्याआधीच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप पेट घेतो. त्या आघाताचा धातूवर हातोडी आपटल्यासारखा आवाज येतो. त्यालाच 'नॉकिंग' म्हणतात. ते रोखून धरण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेनच्या आकड्याने मोजली जाते. टर्बो इंजिनात हवा मुळातच दाबून आत लोटली जात असल्याने तेथे या क्षमतेला अधिक महत्त्व आहे, इतकेच.

साहजिकच ज्या इंजिनाची रचना ९१ ऑक्टेन गृहीत धरून झाली आहे, त्याला शंभरचे पेट्रोल पाजल्याने अंगी बळ येत नाही. देशात बनणाऱ्या बहुतांश गाड्या, त्यात छोट्या टर्बो गाड्याही आल्या, भारतातील नेहमीच्या पेट्रोलवर चालतील अशाच बेताने तयार केल्या जातात. बीएस-दोनच्या काळात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८८ होता, पुढे तो ९१ झाला आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांतही साधे ९१ आणि प्रीमियम ९५ अशी विभागणी राहिली. अशा गाडीत महागडे पेट्रोल भरल्यावर 'गाडी हलकी वाटते' असे सांगणारे बरेच भेटतात. त्यात पेट्रोलचा वाटा किती आणि मोजलेल्या पैशांचा किती, हे तपासण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो.

जोमदार गाड्यांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या इंजिनांची बांधणी ९५ किंवा ९८ ऑक्टेन धरून झालेली असते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले तर नॉकिंग टिपणारा सेन्सर ते ओळखतो, संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो आणि इंजिन स्वतःला सांभाळून घेते. याची किंमत कमी झालेली शक्ती आणि वाढलेला इंधनखर्च या रूपाने मोजावी लागते. म्हणजे २६५ अश्वशक्तीचे पैसे मोजून त्याहून कमीच पदरात पडतात. शिवाय ही सोय आणीबाणीपुरती आहे. मे महिन्याच्या उन्हात, चार माणसे आणि सामान घेऊन, वरच्या गिअरमध्ये खंडाळ्याचा घाट चढताना पाय दाबून ठेवला तर सेन्सरलाही मर्यादा पडते. सतत नॉकिंग होत राहिल्यास पिस्टनला इजा होते आणि त्याची दुरुस्ती वर्षभराच्या पेट्रोलच्या फरकापेक्षा कितीतरी महाग पडते.

म्हणूनच निर्णायक आकडा कोणता, तर टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस आणि गाडीच्या पुस्तिकेत छापलेला. तो वाचतानाही दोन शब्दांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. 'किमान ९५' याचा अर्थ त्याखाली जाऊ नका. 'शिफारस ९८' याचा अर्थ जाहिरातीतली शक्ती हवी असेल तर ९८, अन्यथा ९५ वर काम भागेल. गाडी विकताना विक्रेत्याने हा फरक ग्राहकाला आपणहून समजावून सांगायला हवा.

आणखी एक फसगत परदेशी माहितीमुळे होते. अमेरिकेत पंपावर लिहिलेला आकडा दोन निरनिराळ्या चाचण्यांची सरासरी असतो, तर भारत आणि युरोपात केवळ 'रिसर्च ऑक्टेन' लिहिला जातो. त्यामुळे अमेरिकेतील ८७ हे ढोबळमानाने आपले ९१, तेथील ९१ हे आपले ९५ ते ९६, आणि तेथील ९३ म्हणजे आपले ९८ च्या घरातले पेट्रोल होय. न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाने 'माझी गाडी ९१ वर उत्तम चालते' असे कळवले म्हणून पुण्यातल्या धाकट्याने त्याच जातीच्या गाडीत आपले ९१ भरले, तर तो नकळत दोन पायऱ्या खाली उतरलेला असतो.

येथवरचा हिशेब जुनाच आहे. नवी गुंतागुंत इथेनॉलने निर्माण केली आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या खुलाशात इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५, तर मूळ पेट्रोलचा ८४.४ असल्याचे सांगून, वीस टक्के मिश्रणामुळे पेट्रोल आता ९५ ऑक्टेनपर्यंत पोहोचल्याचा दावा केला. हा दावा प्रमाण मानला, तर 'किमान ९५' लिहिलेल्या गाडीच्या मालकाला साधे पेट्रोलही चालायला हवे. ऑक्टेनपुरते ते खरेही आहे. मात्र झाकणावर दुसराही आकडा असतो, आणि तो इथेनॉलचा.

युरोपीय संघात ऑक्टोबर २०१८ पासून नव्या गाड्यांच्या टाकीजवळ वर्तुळात 'ई-५', 'ई-१०' अशा खुणा लावल्या जातात. याचा अर्थ त्या गाडीला पाच किंवा दहा टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल मानवते. भारतात एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबरी भाग व नळ्या ई-२० ला टिकतील अशा असणे अपेक्षित आहे आणि कंपन्यांनी अधिकृतपणे आणलेल्या नव्या गाड्यांनाही ते लागू होते. परंतु परदेशातून स्वतः आणलेली किंवा चार-पाच वर्षे जुनी जोमदार गाडी घेणाऱ्याने ही खूण पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. अशा गाड्यांची आणखी एक खोड आहे. त्या रोज चालवल्या जात नाहीत. रविवारी सकाळी बाहेर पडतात आणि पावसाळ्यात महिना-महिना आच्छादनाखाली उभ्या राहतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवून उभी राहिलेली गाडी ही त्याला आयती संधी असते.

मायलेजच्या वादातही शब्दांचा खेळ बराच झाला. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकींत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घट होईल असे म्हटले होते. ई-१० साठी रचून ई-२० ला जुळवलेल्या गाड्यांत ती १ ते २ टक्केच. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ई-२० मध्ये जवळपास सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि ई-१० शी केली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तुलना कशाशी करायची हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले आणि वाद वाढत गेला.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय प्रत्येक पंपावर ठेवावा आणि यंत्रांवर इथेनॉलचे प्रमाण ठळक लिहावे, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पर्यायाची मागणी मान्य करण्यात आयात खर्च, साठवण आणि ऊस व मका उत्पादकांचे हित असे अनेक प्रश्न गुंतले आहेत. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या ताळेबंदाला इथेनॉलने दिलेला आधार दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु लेबलाच्या मागणीला असा कोणताच अडसर दिसत नाही. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० हे प्रमाणित पेट्रोल केले, तेव्हा वरच्या दर्जाच्या पेट्रोलमध्ये ई-५ कायम ठेवले आणि नळीवर तसे लिहिलेही. आपल्याकडे ग्राहक लाखो रुपयांची गाडी घेतो आणि टाकीत काय पडते आहे याची माहिती पंपावरच्या कर्मचाऱ्याच्या सांगण्यावर सोडून देतो.

राहता राहिला शंभर ऑक्टेनचा प्रश्न. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी 'एक्सपी-१००' बाजारात आणले. मथुरा शुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे हे पेट्रोल पहिल्या टप्प्यातील दहा शहरांत उपलब्ध झाले, त्यांत मुंबई व पुण्याचा समावेश होता. त्या वेळी त्याचा दर लिटरला १६० रुपये होता आणि दिल्लीत साधे पेट्रोल ८२ रुपयांच्या घरात होते. हिंदुस्तान पेट्रोलियमचे 'पॉवर ९९', भारत पेट्रोलियमचे 'स्पीड ९७' हेही याच पंगतीतले. यांपैकी 'एक्सपी-१००' इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाते आणि अलीकडे त्याच्याकडे वळलेल्या अनेकांना शंभर ऑक्टेनपेक्षा याच गुणाचे आकर्षण आहे. मात्र आकडा मोठा म्हणजे इथेनॉल नाही, असा सरसकट अर्थ कोणी काढू नये. ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असू शकते. २००० च्या दशकात निव्वळ इंजिन स्वच्छ ठेवणारे रसायन मिसळलेल्या ब्रँडेड पेट्रोलला लोक जादा ऑक्टेनचे समजत, त्याचीच ही नवी आवृत्ती.

खर्चाचा अंदाज बांधायचा तर वर्षाला दहा हजार किलोमीटर आणि लिटरला दहा किलोमीटर धरल्यास हजार लिटर पेट्रोल लागते. २०२० मधला ७८ रुपयांचा फरक लावला तर वर्षाला ७८ हजार रुपये जादा. पन्नास लाखांच्या गाडीला ते शोभून दिसतील. बारा लाखांच्या टर्बो हॅचबॅकसाठी ती उधळपट्टी आहे. मधला मार्गही आहे. दोन दर्जांचे पेट्रोल मिसळल्यास ऑक्टेन ढोबळमानाने प्रमाणात बदलतो. अर्धी टाकी शंभरची आणि अर्धी ९५ ची भरली तर साधारण ९७-९८ मिळतात आणि इथेनॉलचे प्रमाणही वीसवरून दहा टक्क्यांवर येते. ९८ ची शिफारस असलेल्या बहुतेक गाड्यांना एवढे पुरेसे आहे. बाजारातील 'ऑक्टेन बूस्टर'च्या बाटल्यांपेक्षा हा उपाय अधिक भरवशाचा, कारण त्या बाटल्यांतील द्रवाने हमीवर परिणाम होणार नाही याची खात्री गाडीची कंपनी देत नाही.

मोठ्या शहरांबाहेर मात्र निवडीला फारसा वाव उरत नाही. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल ठरावीक पंपांवरच मिळते, आणि मुंबईहून गोव्याकडे किंवा पुण्याहून विदर्भात निघालेल्या गाडीला वाटेत ते मिळेलच असे नाही. अशा वेळी निघतानाच टाकी पूर्ण भरून घ्यावी आणि वाटेत साध्या पेट्रोलची वेळ आली तर वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर इंजिन रेटू नये, चढावर गिअर उतरवावा. घरी परतल्यावर पुढची टाकी पुन्हा योग्य दर्जाची भरली की काही अंतरात संगणक ठिणगीची वेळ आपोआप पूर्वपदावर आणतो. त्यासाठी सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागत नाही.