श्रवण-संवाद : चार तबकड्यांची पेटी

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती आली म्हणजे आपण कागद व बांधणी तर पाहतोच. परंतु संपादकाने मूळ संहितेला धक्का लावला आहे काय, हेही तपासतो. ध्वनिमुद्रिकांच्या पुनःप्रकाशनाकडे त्याच दृष्टीने पाहावयास हवे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागात फिडल, बँजो व गिटार यांच्या साथीने वाढलेल्या 'कंट्री' संगीतावर पुढे व्यावसायिक झिलई फारच चढली. तेव्हा काही तरुणांनी या गीतपरंपरेचा सांधा पंक रॉकच्या खडबडीत स्वरांशी जुळविला. इलिनॉय राज्यातील बेलव्हिल येथील 'अंकल टुपेलो' वृंदाची १९९० सालची 'नो डिप्रेशन' ही ध्वनिमुद्रिका या 'अल्टरनेटिव्ह कंट्री' पंथाची खूण मानली जाते. १९९४ मध्ये तो वृंद दुभंगला आणि जेफ ट्वीडी व त्याच्या सहकाऱ्यांनी 'विल्को' उभा केला.

विल्कोची 'बीइंग देअर' ही कृती ऑक्टोबर १९९६ मधील. गीते १९ आणि अवधी सुमारे ७७ मिनिटे. एवढे सारे एकाच सीडीत मावले असते. तरीही ती दोन सीडींत विभागली गेली. दीर्घ श्रवणात मध्ये विसावा असावा, हा त्यातील विचार. मात्र दोन सीडी म्हणजे दुप्पट किंमत! ती श्रोत्याच्या आवाक्यात राहावी, म्हणून ट्वीडीने स्वतःच्या उत्पन्नाच्या वाट्यावर पाणी सोडले.

डिसेंबर २०१७ मध्ये या कृतीची विशेष आवृत्ती चार व्हिनाइल तबकड्यांच्या पेटीत निघाली. दोन तबकड्यांत मूळ गीते, उरलेल्यांत पूर्वी अप्रकाशित राहिलेली ध्वनिमुद्रणे. जी कृती स्वस्तात मिळावी म्हणून कलावंताने झीज सोसली, तीच चैनीची वस्तू होऊन परत यावी, हे मला बोचते. कवीच्या खोडलेल्या ओळी अभ्यासकास मोलाच्या वाटतात. सामान्य रसिकाचे त्यावाचून काही अडत नाही. तेव्हा मूळ दोन तबकड्या मिळाल्या तरी संकोच नको.

व्हिनाइल हे माध्यम मात्र या कृतीस खरोखर शोभते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत, जिच्यासाठी आपल्याच देशातील लाख परदेशी जात असे, एका बाजूस तीन-चार मिनिटेच मावत. १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आली आणि ती मर्यादा वीस मिनिटांच्या पलीकडे गेली. फार अधिक कोंबल्यास चर दाटतात व आवाज क्षीण होतो. येथे चार बाजूंस सरासरी एकोणीस मिनिटे येतात, म्हणजे चरांना ऐसपैस जागा! तबकडी १८० ग्रॅम वजनाची आहे, एवढ्यावर भुलू नये. जड तबकडी सहसा वाकत नाही, पण गोडवा येतो तो कोरणाऱ्याच्या कौशल्याने. घरच्या यंत्राची सुई झिजली असेल, तर पेटीआधी सुई घ्यावी. झिजलेली सुई नव्या तबकडीचे चर कुरतडते.

ऐकताना एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. पहिल्या भागात 'आउटासाइट' नावाचे एक धडाडीचे गीत आहे. तेच दुसऱ्या भागात संथ, हसऱ्या चालीत पुन्हा भेटते. मधल्या वेळी आपण उठून तबकडी बदललेली असते, म्हणूनच ओळख पटावयास क्षणभर लागतो.